कंस सोडवायची रीत

विनता खुर्चीला पाठ टेकून बसली आहे, असं मी तरी कधी पाहिलेलं नाही. आमची भिंतीला भिंत लागून आहे, तेव्हा नजरेतून सुटलं म्हणायची सोय नाही. चहा उभ्यानं, जेवण ओट्यापाशी, पेपर वाचायचा तो दारापासून तुळशीपर्यंत येरझारा घालत. अगं बाई, टेक की जरा, म्हटलं तर म्हणते, बसलं की माझं डोकं चालत नाही, यशश्रीवहिनी. इथे जबलपुरात सदरमधल्या एका शाळेत ती गणित शिकवते, संध्याकाळी घरी ट्यूशन घेते आणि दोन्हीकडे उभीच. पाय दुखतात तिचे. ते मला माहीत आहे, कारण तेल गरम करून मीच देते.

ती भावाकडे राहते असं लोक म्हणतात. मी म्हणते, भाऊ तिच्याकडे राहतो. श्रीकांत फॅक्टरीत सुपरवायझर, माणूस सज्जन, पण तोंडातून शब्द काढायला त्याला मुहूर्त लागतो. त्याची बायको काविळीनं गेली तेव्हा त्यांची पोर प्रणोती भिंत धरून चालत होती. विनताची एम.एस्सी. नुकती झालेली, नागपूरचं एक स्थळ जवळजवळ ठरलेलं. ती म्हणाली, पोर जरा मोठी होऊ द्या, मग बघू. नागपूरकरांनी थोडी वाट पाहिली आणि दुसरीकडे उरकून घेतलं. तिला कुणी थांब म्हटलं नाही हे खरं, पण जा असंही कुणी म्हटलं नाही. माझा राग त्यावर आहे आणि तो मी लपवत नाही.

पुढे पोरीच्या वेण्या, डबे, ताप, शाळेच्या मीटिंगा, दहावीचं टेन्शन, कॉलेजातून यायला उशीर झाला की फाटकापाशी येरझारा, सगळं विनतानं केलं. प्रणोतीला बँकेत नोकरी लागली त्या दिवशी पेढे घेऊन माझ्याकडे कोण आलं असेल? श्रीकांत? छे. तो बाहेर स्कूटर पुसत होता. विनता आली, आणि पेढाही तिनं दारातच उभ्या उभ्या भरवला.

आता तिचं शिकवणं सांगते, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला. दोन कंसांचा गुणाकार आला की पोरं गोंधळतात. एका कंसात क्ष अधिक तीन, दुसऱ्यात क्ष अधिक पाच. आता कोणी कोणाला गुणायचं? विनता आधी फळ्याला हात लावत नाही. ती चार पोरांना अंगणात एका ओळीत उभं करते. डावीकडचे दोघं एक कंस, उजवीकडचे दोघं दुसरा. मग या कंसातल्यांनी त्या कंसातल्यांशी हात मिळवायचे, पण क्रमानं. आधी दोन्ही कंसांतले पहिले. मग ओळीच्या दोन कडांचे. मग आतले दोघं. मग दोन्ही कंसांतले शेवटचे. तिच्याकडची पोरं सगळी हिंदी घरांतली, त्यामुळे हे चालायचं हिंदीत: पहला-पहला, बाहर-बाहर, भीतर-भीतर, आख़िरी-आख़िरी. माझ्या स्वयंपाकघरात रोज संध्याकाळी ऐकू यायचं. मीसुद्धा कधी कधी पोळ्या लाटताना म्हणायची.

एकदा मी तिला विचारलं, हा क्रमाचा आग्रह काहून? कसेही मिळवले हात तरी उत्तर तेच ना? ती म्हणाली, उत्तर तेच, पण क्रम नसला की कुणीतरी सुटतं, नाहीतर एखाद्याचा हात दोनदा मिळवला जातो. कुणी सुटू नये एवढ्यासाठीच क्रम. आणि कंसात तीन-तीन जण आले की ही चार पायऱ्यांची युक्ती पुरत नाही. तेव्हा एकाला धरायचं, समोरच्या सगळ्यांशी भेटवून आणायचं, मगच दुसऱ्याला धरायचं. मला गणितातलं ओ की ठो कळत नाही, पण हे कळलं.

मागच्या वर्षी प्रणोतीचं ठरलं. मुलगा अनिमेष चौबे, तिच्याच बँकेतला, घरचे शहपुऱ्याचे. शेती आहे, बाजारात दुकान आहे, माणसं मोकळी. मुलगा मला पहिल्याच दिवशी आवडला, कारण त्यानं चहाचा कप स्वतः उचलून आत नेऊन ठेवला. दोन्ही पद्धतींनी लग्न करायचं ठरलं आणि तिथेच ती मिलनी आली.

आपल्याकडे व्याहीभेट असते तशीच त्यांची मिलनी, पण तिचा थाट मोठा. वरात दारात आली की नावं पुकारतात. मुलीच्या वडिलांनी मुलाच्या वडिलांना हार घालायचा, शाल द्यायची, मिठी मारायची. मग मामाला मामा, काकाला काका. ज्याचा त्याचा जोडीदार ठरलेला. जबलपुरातल्या आम्हा मराठी लोकांनीही ही रीत केव्हाच उचलली आहे, आणि मिलनीत कोणाला घेतलं, कोणाला नाही, यावरून वर्षानुवर्षं अबोले चाललेले मी पाहिले आहेत.

तर मुलाचे काका गुणवंतजी हे सगळं ठरवायला घरी आले. मीही होते, मला बोलावलं नव्हतं तरी होते. वडिलांना वडील ठरले. मामाला मामा, म्हणजे नागपूरचे दिवाकर, ठरले. मग गुणवंतजींनी विचारलं की मुलाची आई कुणाला भेटणार, मुलीची आई तर नाही. तेवढ्यात स्पीकरवर ठेवलेल्या फोनवरून दिवाकरांची बायको रुचिरा म्हणाली, आईच्या जागी मामीच असते, मी उभी राहीन. औक्षणही मीच करीन, तिथे सवाशीण पाहिजे. प्रणोती लहान असताना ही रुचिरा किती वेळा आली होती, ते मला विचारा.

मी म्हटलं, आणि आत्या? गुणवंतजी फार गोड माणूस, गोडपणानंच म्हणाले की त्यांच्याकडे मुलाला बुआ म्हणजे आत्याच नाही, मग जोड कोणाशी लावायची? मी श्रीकांतकडे पाहिलं. तो फरशीकडे पाहत होता. विनता स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. ती म्हणाली, बरोबर आहे, मला आतलं बघायचंच आहे. आणि सगळ्यांना चहा दिला.

मी घरी येऊन भांडी आपटली. आमचे हे म्हणाले, तुझं काय जातं? माझं काय जातं! वीस वर्षांहून जास्त एका बाईनं पोर वाढवली, आणि दारात तिला भेटायला कुणी नाही, कारण तिच्या जोडीचं माणूस समोर नाही. ही काय रीत झाली?

दुसऱ्या दिवशी मी विनताला सरळ सांगितलं की भावाशी बोल. ती कपडे वाळत घालत होती. घातलेले काढून पुन्हा घालत होती. म्हणाली, "मागून घेतलेली मिठी, ती मिठी का, वहिनी?" पण ती आतून पेटली होती हे मला दिसत होतं. तेव्हापासून तिच्या पायांना भिंगरीच लागली. भिंतीपलीकडे तिच्या चपला दिवसभर वाजायच्या. दूध उतू जायचं. गॅस बंद केला की नाही ते पाहायला ती शाळेच्या वाटेवरून परत यायची. प्रणोती बिचारी ऑफिसातून येऊन मला विचारायची, काकू, आत्याला काय झालं? मी म्हणायची, तुझ्या लग्नाची घाई, दुसरं काय. पोरीला आठवडाभरावर लग्न आलेलं असताना काय सांगायचं?

मिलनीच्या शाली घ्यायला आम्ही दोघी बडा फुहाऱ्याच्या बाजारात गेलो. बापरे, तो दिवस. दुकानदार गठ्ठेच्या गठ्ठे उलगडतोय आणि विनता हात लावते, नाही म्हणते, पायऱ्या उतरते, दुसऱ्या दुकानात. उन्हानं माझा जीव जाऊन राहिला होता. बाकीच्या शाली पटकन झाल्या, अडलं एका शालीवर, मुलाच्या आईच्या. सगळा बाजार पालथा घालून शेवटी पहिल्याच दुकानातली, गर्द डाळिंबी, बारीक काठाची घेतली. काऊंटरवर ती शाल तिनं दोनदा घडी मोडून पुन्हा घातली. ती शाल द्यायची होती रुचिरानं. मी लस्सी प्यायला बसले तर ही माझ्यासमोर उभी. मला तिचा इतका राग आला आणि इतकं वाईटही वाटलं, की लस्सी अर्धी टाकून मी उठले.

त्याच आठवड्यात ट्यूशनमध्ये ते झालं. विनतानं या वेळी पोरांना अंगणात उभं केलंच नाही. तिच्या डोक्यात लग्न घोळत होतं, तर ती म्हणाली (हिंदीत कंसाला कोष्ठक), समझो एक कोष्ठक लड़की वाले, एक कोष्ठक लड़के वाले, और मिलनी हो रही है। पोरांना फार आवडलं. सगळ्यांनी मान डोलावली, तेच क्ष अधिक तीन आणि क्ष अधिक पाचचं गणित भराभर सोडवलं. आणि जवळजवळ सगळ्या बॅचनं उत्तर लिहिलं, क्ष वर्ग अधिक पंधरा.

मी मागच्या दारानं कढी द्यायला गेले होते. पाहते तर ही फळ्यासमोर स्तब्ध. विनता आणि स्तब्ध, मी घाबरलेच. मग तिनं पोरांना म्हटलं, क्षच्या जागी एक ठेवून पाहा. पहिला कंस झाला चार, दुसरा सहा, गुणाकार चोवीस. तुमच्या उत्तरात किती? सोळा. मग आठ कुठे गेले? सलोनी नावाची चुणचुणीत पोरगी आहे, ती म्हणाली की मॅम, पहले से पहला मिल लिया, आख़िरी से आख़िरी। मिलनी में तो ऐसे ही मिलते हैं, सब अपने-अपने जोड़ वाले से। मामा थोड़े ही समधन से मिलता है। समधन म्हणजे विहीण.

चुकलं काहीच नव्हतं पोरांचं. त्यांनी जन्मभर दारांत जे पाहिलं तेच लिहिलं होतं. विनतानं फळ्यावर मधली दोन पदं लिहिली, पाच क्ष आणि तीन क्ष, त्यांची बेरीज आठ क्ष. त्या आठ क्षखाली तिनं इतक्या जोरात रेघ ओढली की खडू मोडला. पोरांना सुट्टी दिली. मी कढीचं भांडं हातात घेऊन तशीच उभी. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "उदाहरणच चुकीचं दिलं मी. मिलनीत मधले गळतात, वहिनी." मग तिनं फळा पुसला, आणि पुसलेला फळा पुन्हा पुसला.

लग्नाच्या दिवशी सकाळपासून हॉलवर विनता एकटी सतरा ठिकाणी. फुलवाला, आचारी, भटजींचं सामान, पाहुण्यांच्या खोल्यांच्या चाव्या. मोरपंखी साडी नेसली होती, छान दिसत होती, पण पदर खोचलेला. प्रणोतीनं तयार होताना तिला हाताला धरून विचारलं म्हणे, मिलनीला तू कुठं उभी राहशील? ही म्हणाली, मी पाण्याचं बघते. हे मला प्रणोतीनंच सांगितलं, डोळ्यांत पाणी आणून, आणि मी तिला म्हटलं, काजळ पसरेल, गप्प बस.

वरात आली. बँडवाल्यांनी कान फोडले. हॉलच्या फाटकात आमच्या बाजूला श्रीकांत, रुचिरा आणि दिवाकर उभे राहिले, त्यांच्या बाजूला चौबेजी, अनिमेषची आई आणि त्याचे मामा. मी श्रीकांतच्या मागेच उभी होते, मुद्दाम. विनता माझ्याही मागे, सरबताच्या पेल्यांचा ट्रे घेऊन. तिची ट्यूशनची पोरं नवे कपडे घालून कडेला उभी होती.

गुणवंतजींनी पुकारलं. श्रीकांत पुढे झाला, हार, शाल, मिठी. टाळ्या. मग रुचिरा पुढे झाली. तिनं ती डाळिंबी शाल अनिमेषच्या आईच्या खांद्यावर टाकली आणि फोटोवाल्याकडे पाहून हसली. माझ्या मागे पेले एकमेकांवर वाजले. मी वळून पाहिलं नाही. मग मामाला मामा, आणि ते दोघं तर एकमेकांना उचलायला लागले, तशी रीतच आहे. सगळे हसले. गुणवंतजींनी हात वर केला आणि बँडवाल्यांना खूण केली, चलिए, हो गया, अब दूल्हे को अंदर लीजिए।

"हो कैसे गया?"

तो विनताचा वर्गातला आवाज होता. मी ओळखते तो, सगळी गल्ली ओळखते. बँडवाल्यानं तोंडाजवळ नेलेली पिपाणी खाली घेतली. विनतानं ट्रे माझ्या हातात दिला आणि ती पुढे गेली. म्हणाली, सिर्फ़ जोड़ वाले मिले हैं, बीच वाले सब रह गए।

मला वाटलं, देवा, मागितलं एकदाचं. स्वतःसाठी तोंड उघडलं हिनं. कसलं काय! तिनं श्रीकांतची बाही धरली आणि त्याला अनिमेषच्या आईपुढे नेऊन उभा केला. त्यानं हात जोडले, त्या बाईंनी हात जोडले. मग त्याला मामांपुढे नेला. मग रुचिराला धरलं. रुचिरा कुजबुजली, सगळ्यांना? विनता म्हणाली, सगळ्यांना. चौबेजींना नमस्कार, मामांना नमस्कार. मग दिवाकरांची पाळी. तिकडे तीन, इकडे तीन, एकाला धरायचं, सगळ्यांशी भेटवून आणायचं, मग दुसऱ्याला. वराती आधी चक्रावले, मग त्यांना मजा यायला लागली. कडेला पोरं हळूच मोजत होती. शेवटची भेट झाली तेव्हा टाळ्या पडल्या, आणि घोड्यावरचा अनिमेषही टाळ्या वाजवत होता.

"अब हुआ," विनता म्हणाली. खडू झटकावा तसे तिनं दोन्ही हात झटकले आणि ट्रे घ्यायला माझ्याकडे वळली.

मला रडावं की तिच्या डोक्यात ट्रे घालावा कळेना. सगळ्यांना भेटवलं आणि स्वतः राहिलीच. मी ट्रे घट्ट धरून ठेवला, देईचना. आमची अशी ओढाताण चालली असताना श्रीकांत बोलला. सगळ्यांसमोर, मराठीत, आणि मोठ्यानं.

"विनू, तू कोणत्या कंसात आहेस?"

जन्मभर पोरांना प्रश्न विचारणारी बाई. तिला उत्तर आलं नाही. तिनं ट्रे सोडला. श्रीकांत आला, त्यानं तिचा खोचलेला पदर स्वतःच्या हातानं सोडवला, खांद्यावर नीट घातला आणि तिला नेऊन ओळीत उभं केलं, स्वतःच्या आधी. म्हणाला, "पहिली तू. मी नंतर." आणि मग हा माणूस, ज्याला मी इतकी वर्षं मनातल्या मनात शिव्या घातल्या, तो हिंदीत चौबेजींना म्हणाला की मुलगी हिनं वाढवली आहे, मी फक्त नाव दिलं.

अनिमेषच्या आईनं वाटच पाहिली नाही. त्या स्वतः पुढे आल्या, डाळिंबी शालीसकट, आणि त्यांनी विनताला मिठीत घेतलं. म्हणाल्या, प्रणोती तो हर बात में आत्या-आत्या करती है, मैं तो कब से आप ही को ढूँढ रही थी। विनताचे हात कितीतरी वेळ तसेच खाली लोंबत होते. मग ते वर आले. आणि ती रडली, फाटकात, बँडवाल्यांसमोर, आवाज काढून रडली. मीही रडले, त्यात लाजायचं काय?

गुणवंतजी घड्याळ दाखवायला लागले की मुहूर्त टळतोय, आतून भटजी बोलावून राहिले आहेत. मी त्यांना म्हटलं, भैयाजी, घड़ी जेब में रखिए। विनता एकेकाला भेटली, चौबेजींना, मामांना, आणि तिच्या जोडीचं नाही म्हणून कोणीही अडलं नाही. औक्षण मात्र रुचिरानंच केलं, ते मला अजून टोचतं. सगळंच एका दिवसात सुधारत नाही.

आत मांडवात अनिमेषच्या आईनं विनताला हाताला धरून पहिल्या रांगेत नेलं आणि शेजारच्या खुर्चीवर बसवलं. आचारी दोनदा येऊन गेला, फुलवाला पैसे मागून गेला, खोलीची चावी हरवली म्हणून नागपूरचे पाहुणे ओरडून गेले. ते सगळं मी पाहिलं. मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा मी सहज तिच्याकडे नजर टाकली. पाठ खुर्चीला टेकली होती, पाय चपलांतून बाहेर काढले होते, आणि ती बसली होती.